खरे घोरपडे कोण?

गडहिंग्लजच्या एका शाळेत आम्ही आनुवंशिकतेवर बोलायला गेलो होतो. गुणसूत्रे, मुलगा-मुलगी ठरण्याची रीत, वाटाण्यावरचे प्रयोग असा नेहमीचाच मजकूर होता. व्याख्यान संपल्यावर दहावीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमच्या वर्गात आम्ही दोघे घोरपडे आहोत. मग आम्ही भाऊबंद का?" मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटले, "तो खरा घोरपडे नव्हे." वर्गात हशा पिकला. दुसरा घोरपडे खाली मान घालून बसला होता.

आम्ही चटकन उत्तर दिले. आडनाव बापाकडून मुलाकडे जाते, वाय गुणसूत्रही बापाकडूनच मुलाकडे जाते. तेव्हा दहा-पंधरा पिढ्या मागे गेलात तर तुमचा खापरपणजा एकच निघेल, असे सांगून आम्ही टाळ्या घेतल्या. परतीच्या एस.टी.त मात्र ते उत्तर खटकू लागले. घोरपडे या आडनावाविषयी जे थोडेफार वाचले होते ते आठवत गेले, आणि आपण त्या मुलांना चुकीचे सांगून आलो हे लक्षात आले. पुढचा मजकूर त्या चुकीच्या दुरुस्तीसाठी आहे.

प्रथम कथा पाहू. मुधोळच्या घोरपडे घराण्यात अशी परंपरा सांगतात की, बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान याने कोकणच्या मोहिमेत खेळणा किल्ला, म्हणजे आजचा विशाळगड, वेढला होता. किल्ला काही केल्या पडेना. तेव्हा कर्णसिंह आणि त्याचा मुलगा भीमसिंह यांनी घोरपडीच्या कमरेला दोर बांधून तिला कड्यावर चढवले आणि त्या दोराने माणसे वर गेली. किल्ला हाती आला, कर्णसिंह कामी आला. सुलतानाने भीमसिंहाला 'राजा घोरपडे बहादूर' असा किताब दिला. हे साल १४७१ चे मानतात. त्यापूर्वी हे घराणे भोसल्यांचेच होते, असेही परंपरा सांगते. मात्र ज्या फर्मानांवर ही कथा उभी आहे त्यांच्या अस्सलपणाबद्दल इतिहासकारांत वाद आहे. गवानाची कोकण मोहीम आणि खेळण्याचा पाडाव या गोष्टी मात्र इतिहासात पक्क्या आहेत.

ही कथा ऐकल्यावर प्रत्येक मराठी मुलाला सिंहगड आठवतो. १६७० साली तानाजी मालुसरे घोरपडीच्या मदतीने कोंढाणा चढला, ही गोष्ट पोवाड्याने घरोघरी नेली. पण शिवकालाला सर्वांत जवळची जी सभासदाची बखर, तिच्यात घोरपड नाही. तिथे निवडक मावळे वानरासारखे कडा चढून गेले, एवढेच आहे. एकच प्रसंग दोन किल्ल्यांना, दोनशे वर्षांच्या अंतराने चिकटलेला दिसला की तो लोककथेचा ठरलेला साचा असावा, अशी शंका घेणे रास्त ठरते.

विज्ञानाचे विद्यार्थी म्हणून प्राण्याकडेही पाहू. आपल्याकडची घोरपड शेपटीसकट दीड-पावणेदोन मीटरपर्यंत वाढते. वजन पाच-सहा किलो, फार तर सात. तिची नखे बळकट असतात. संकट आले की ती कपारीत शिरते आणि अंगात हवा भरून घेऊन फुगते, मग तिला ओढून काढणे महाकठीण. 'घोरपडीसारखा चिकटला' असे आपण म्हणतो त्याचे मूळ इथे आहे. तेव्हा कपारीत घट्ट बसलेली घोरपड काही काळ मोठा ताण सोसेल, हे अगदीच अशक्य नाही. पण साठ किलोचा माणूस म्हणजे तिच्या वजनाच्या दहापट भार, आणि तोही तिच्या कमरेवर. शिवाय तिने हव्या त्या कड्यावर, हव्या त्या कपारीत, हव्या त्या वेळी शिरायला हवे! पाळीव कुत्रासुद्धा इतके ऐकत नाही. (हा प्रयोग कोणी करून पाहू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, आणि घोरपडीचे तेल विकणाऱ्यांनी या बिचाऱ्या प्राण्याचे आधीच पुरेसे हाल केले आहेत.) आमचा स्वतःचा कल असा की, कडे चढण्यात पटाईत असलेल्या किंवा धरले ते न सोडणाऱ्या माणसाला लोकांनी घोरपडीची उपमा दिली, आणि दोराची कथा मागाहून जन्माला आली. हा तर्क आहे, पुरावा नव्हे.

आडनावाचे व्याकरणही पाहण्यासारखे आहे. कोल्हा-कोल्हे, लांडगा-लांडगे, काळा-काळे. मराठीत पुल्लिंगी आकारान्त शब्दाचे आदरार्थी बहुवचन करून कितीतरी आडनावे झाली आहेत. जुन्या लेखनात 'तानाजी मालुसरा' असा एकवचनी प्रयोग सर्रास आढळतो. मालुसरा हा एक माणूस. त्याचा मान वाढला, घराणे झाले, म्हणून मालुसरे. घोरपड हा शब्द स्त्रीलिंगी, तिचे अनेकवचन घोरपडी. 'घोरपडे' हे रूप घोरपडीचे नव्हे, 'घोरपडा' म्हणवल्या जाणाऱ्या पुरुषाचे आहे. म्हणजे हे आधी टोपणनाव असावे. मराठीच्या शिक्षकांनी वर्गातली एकारान्त आडनावे फळ्यावर लिहून त्यांची एकवचने करायला सांगावीत. मुलांना गंमत वाटेल आणि व्याकरणही होईल.

आता प्रसाराकडे वळू. मुधोळची शाखा विजापूरकरांच्या चाकरीत राहिली. बाजी घोरपडे याने १६४८ साली जिंजीजवळ शहाजीराजांना कैद करण्यात पुढाकार घेतला आणि १६६४ मध्ये शिवाजीमहाराजांनी मुधोळवर चालून जाऊन त्याला मारले. पुढे १६७७ मध्ये महाराजांनीच बाजीचा मुलगा मालोजी याला पत्र लिहून, मागचे वैर विसरून मराठ्यांनी एक व्हावे, असे कळवले. दुसरी शाखा मराठी राज्यात वाढली. म्हाळोजी घोरपडे १६८९ मध्ये संगमेश्वरी संभाजीराजांच्या बचावात पडला. त्याचा मुलगा संताजी हा औरंगजेबाच्या फौजांना धडकी भरवणारा सेनापती. संताजीचे वंशज कापशीला राहिले आणि गाव 'सेनापती कापशी' म्हणून ओळखले जाऊ लागले. चिकोत्रा नदीकाठचे हे गाव गडहिंग्लजहून फार दूर नाही. संताजीचा भाऊ बहिर्जी याला 'हिंदुराव' हा किताब मिळाला. दत्तवाड, गजेंद्रगड, गुत्ती, संडूर अशी ठाणी मांडत हे आडनाव तुंगभद्रेपलीकडे गेले. गुत्तीच्या मुरारराव घोरपड्याने त्रिचनापल्लीचा कारभार पाहिला आणि १७५१ मध्ये अर्काटच्या वेढ्यात अडकलेल्या क्लाइव्हच्या मदतीला तो धावून गेला. संडूरचे संस्थान १९४९ पर्यंत टिकले. कन्नड मुलखात, बेल्लारीच्या डोंगरांत, घोरपडे हे आडनाव आजही सापडते ते यामुळे. फौजेची चाल जिथवर गेली तिथवर आडनाव गेले. हा नकाशा वर्गात काढून पाहावा.

इथवर आमच्या त्या दिवशीच्या उत्तराला धक्का लागत नाही. शाखा कितीही असोत, बुंधा एक. धक्का लागतो तो इचलकरंजीला.

इचलकरंजीचे संस्थानिक घोरपडे होते हे कोल्हापूर जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. ते कोकणस्थ ब्राह्मण होते, हेही पुष्कळांना ठाऊक असते, पण त्यातला विरोध सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. या घराण्याचा मूळ पुरुष नारो महादेव जोशी. कोकणातून घाटावर आलेला हा मुलगा संताजी घोरपड्यांच्या आश्रयाने वाढला, त्यांच्या पदरी कर्तबगार ठरला. धन्याविषयीच्या कृतज्ञतेने त्याने जोशी हे आडनाव सोडून घोरपडे हे आडनाव घेतले. त्याचा मुलगा व्यंकटराव हा पेशवा बाळाजी विश्वनाथाचा जावई. बाजीराव पेशव्याची बहीण अनुबाई ही त्याची बायको. तिने पुढे इचलकरंजीचा कारभार मोठ्या हुशारीने चालवला. वासुदेवशास्त्री खरे यांनी या संस्थानाचा इतिहास लिहिला आहे, तो कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या जुन्या ग्रंथालयात मिळतो.

म्हणजे पाहा, कापशीचे घोरपडे मराठा, इचलकरंजीचे घोरपडे ब्राह्मण. रक्ताचे नाते काही नाही, आडनाव तेच. आणि हे नाव कोणी चोरलेले नाही, मिठाला जागून घेतलेले आहे. आज हे आडनाव याखेरीज इतर समाजांतही आढळते. कोणाचे पूर्वज धन्याच्या नावाने ओळखले गेले असतील, कोणाला स्वतंत्रपणेच ते टोपणनाव मिळाले असेल. घोरपड काही एकाच डोंगरावर राहत नाही.

आश्रयदात्याचे नाव घेण्याची ही रीत आपल्यापुरतीच नाही. गोव्यात सोळाव्या शतकापासून बाप्तिस्मा घेणाऱ्यांना पोर्तुगीज आडनावे मिळाली. बहुधा धर्मपित्याचे किंवा पाद्र्याचे आडनाव त्या कुटुंबाला चिकटे. म्हणून दोन फर्नांडिस एका वंशाचे असतीलच असे नाही, आणि पोर्तुगालच्या फर्नांडिसांशी तर दोघांचाही संबंध नाही. इटलीत नेपल्सकडे 'एस्पोझितो' हे आडनाव फार मोठ्या प्रमाणावर आढळते. त्याचा अर्थ 'उघड्यावर ठेवलेला'. अनाथालयाच्या दाराशी सोडून दिलेल्या अर्भकांना हे नाव देत. हजारो एस्पोझितोंचा समान पूर्वज शोधायला गेलो तर माणूस सापडणार नाही, अनाथालयाचे दार सापडेल. 'फेरारी' म्हणजे आपला लोहार. गावोगावी लोहार, तसे गावोगावी फेरारी. 'रोस्सी' हे इटलीतले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव म्हणजे तांबडा, तांबूस केसांचा. आपले तांबे नि गोरे काय वेगळे आहेत?

मुळात आडनाव ही आपण समजतो तितकी जुनी आणि पक्की गोष्टच नाही. गडहिंग्लज तालुक्यातच नेसरी आहे. १६७४ च्या फेब्रुवारीत प्रतापराव गुजर सहा सोबत्यांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडला ती खिंड तिथलीच. परंपरेने सांगितली जाणारी ती सात नावे वाचा. विठोजी शिंदे, दीपाजी राऊतराव यांना आडनाव आहे. पण विसाजी बल्लाळ, कृष्णाजी भास्कर? यात दुसरा शब्द बापाचे नाव आहे, आडनाव नाहीच. सिद्दी हिलाल हे तर वेगळ्याच रीतीचे नाव. खुद्द प्रतापराव हा किताब, माणसाचे नाव कुडतोजी. एका तुकडीत नावे ठेवण्याच्या तीन-चार पद्धती! वतन, हुद्दा, गाव, बापाचे नाव, किताब यांपैकी जे सोयीचे ते लावत. गायनाचार्य बाळकृष्णबुवा (१८४९-१९२६) इचलकरंजी दरबारात राहिले म्हणून जगाला इचलकरंजीकर झाले. शेजारच्या सामानगडावर १८४४ मध्ये ज्या गडकऱ्यांनी इंग्रजी अंमलाविरुद्ध बंड केले त्यांची 'गडकरी' ही ओळख हुद्द्याची होती, तिच्याखाली आडनावे अनेक असणार. पुढे जमीनमोजणी, कोर्ट आणि शाळेचे दाखले आले. फॉर्मवर तिसरा रकाना छापला गेला, आणि त्या दिवशी जे नाव त्यात पडले ते पुढच्या पिढ्यांना कायमचे झाले.

आता प्रश्न उरतो तो आडनाव कमी-जास्त का होते याचा. इथे एक सुंदर गणित आहे, आणि ते दोन नाण्यांनी वर्गात करता येते. फ्रान्सिस गाल्टनला १८७३ मध्ये प्रश्न पडला की, इंग्लंडातल्या नामांकित घराण्यांची नावे नष्ट का होतात? त्याने आणि वॉटसन या गणिती पाद्र्याने तो सोडवायला घेतला. आपण असे करू. वर्गात ४० मुले-मुली आहेत. प्रत्येकाला एक वेगळे आडनाव द्या, तो त्या घराण्याचा मूळ पुरुष. प्रत्येकाने दोन नाणी उडवायची. जितके छापे पडतील तितके मुलगे. मुलगे नसण्याची शक्यता पाव, एक असण्याची अर्धी, दोन असण्याची पाव. सरासरी बरोबर एक, म्हणजे एकूण लोकसंख्या वाढत नाही, घटतही नाही. मग प्रत्येक मुलासाठी पुन्हा नाणी उडवायची.

पहिल्याच पिढीत सुमारे १० आडनावे बुडतील. दुसऱ्या पिढीअखेर शंभरात ३९ गेलेली असतील, तिसऱ्यात ४८, चौथ्यात ५५, पाचव्यात ६०. म्हणजे पाच पिढ्यांत, सव्वाशे-दीडशे वर्षांत, ४० पैकी सुमारे २४ आडनावे नाहीशी होतात आणि उरलेल्या १६ आडनावांत तेच जवळपास ४० पुरुष वाटले जातात. कोणाचा काही गुण नाही, दोष नाही. केवळ नाणी. (आकडा काढायची युक्ती सोपी आहे: मागच्या पिढीपर्यंतच्या लोपाच्या संभाव्यतेत १ मिळवा, वर्ग करा, ४ ने भागा. नववीतला मुलगाही करील.) वॉटसनच्या गणितात एक चूक राहिली होती. लोकसंख्या वाढती असली तरी सगळीच आडनावे अखेर बुडतात, असा निष्कर्ष त्याने काढला. तसे होत नाही. सरासरी एकाहून जास्त असेल तर काही घराणी कायमची तगतात. हे निःसंशय मांडायला १९३० उजाडले. चुकीचे उत्तर देऊन टाळ्या घेणारे आम्ही एकटेच नाही, एवढा दिलासा यातून मिळाला.

खऱ्या समाजात नाणी सारखी नसतात. ज्याच्याकडे जहागीर आहे त्याची मुले जगतात, त्याच्या अनेक बायका असतात, मुलगा नसला तर दत्तक येतो. दत्तक म्हणजे आडनाव चालू आणि वाय गुणसूत्र बदललेले! संस्थानी घराण्यांत दत्तकविधान किती वेळा झाले हे इतिहासाच्या शिक्षकांना सांगायला नको. त्यात नारो महादेवासारखे आपण होऊन सामील झालेले. आडनाव फैलावते ते अशा सगळ्या वाटांनी.

आडनावांवरून नातेसंबंध मोजण्याचा उद्योगही जुना आहे. चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज याने १८७५ मध्ये, वधूवरांचे आडनाव एकच असलेली लग्ने मोजून इंग्लंडात चुलत-मावस भावंडांची लग्ने किती होतात याचा अंदाज बांधला. गंमत अशी की खुद्द त्याचे आईबाप मामे-आते भावंडे होते, पण आईचे माहेरचे आडनाव वेजवुड. नुसत्या आडनावाच्या मोजणीत ते लग्न सापडलेच नसते. जॉर्जला हे ठाऊक होते, म्हणून त्याने त्यासाठी दुरुस्ती केली. इटलीत काव्हाली-स्फोर्झा या शास्त्रज्ञाने १९५० नंतर पार्मा नदीच्या खोऱ्यातल्या चर्चच्या जन्म-लग्नाच्या वह्या चाळल्या, गावोगावचे रक्तगट तपासले, आणि डोंगरातल्या लहान गावांत केवळ योगायोगाने जनुकांचे प्रमाण कसे भरकटते ते दाखवले. हा तोच आपला नाण्यांचा खेळ.

ही रीत आपण गडहिंग्लजला लावली तर? साफ फसेल. आपल्याकडे एका कुळीत, एका देवकात लग्न होत नाही, त्यामुळे समान आडनावाची लग्ने बहुतेक समाजांत टाळली जातात. पण मामाची मुलगी करणे या भागात पूर्वापार चालत आले आहे, आणि कर्नाटकाच्या बाजूला सख्ख्या मामाशीही लग्न होते. मामाचे आडनाव निराळे! आडनावांचे गणित म्हणेल, इथे आप्तविवाह शून्य. प्रत्यक्षात मामेबहिणीशी लग्न झाल्यास, मुलाला एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता १६ त १, मामा-भाचीच्या लग्नात ८ त १. एखाद्या आनुवंशिक रोगाची चौकशी करताना 'आडनाव वेगळे आहे ना, मग झाले' असे समाधान करून घेणारे पालक आम्ही पाहिले आहेत. आडनावावर विसंबल्याने नुकसान होते ते हे. शिक्षकांनी हे वर्गात अवश्य सांगावे.

वाय गुणसूत्राची प्रत्यक्ष तपासणीही इंग्लंडात झाली. ब्रायन साइक्स यांनी स्वतःचेच आडनाव असलेल्या ४८ पुरुषांचे नमुने तपासून २००० साली निष्कर्ष छापला. त्यांपैकी २१ जणांचे गुणसूत्र एकाच ठशाचे निघाले, उरलेल्यांचे निरनिराळे. ज्या आडनावाचा मूळ पुरुष बहुधा एकच, त्याची ही स्थिती. घोरपड्यांची अशी तपासणी झाली तर एकाहून अधिक वंशधागे निघतील हे नारो महादेवाच्या हकिकतीवरून आधीच सांगता येते. आणि वाय गुणसूत्र म्हणजे तरी काय, २३ जोड्यांतल्या एका जोडीचा अर्धा भाग. दहा पिढ्या मागे आपले १०२४ पूर्वज असतात, त्यांतल्या एकाचेच आडनाव आपण लावतो. उरलेल्या १०२३ जणांत सगळ्या आज्या-पणज्या आल्या, त्यांची तर नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत.

चार महिन्यांनी आम्ही पुन्हा त्या शाळेत गेलो. वर्गशिक्षकांची परवानगी घेऊन अर्धा तास मागितला आणि पहिल्या वाक्यातच सांगितले की मागच्या वेळचे उत्तर चुकीचे होते. मुले चकित झाली. मग इचलकरंजीची हकिकत सांगितली, नाणी वाटली. पाचव्या पिढीअखेर त्या वर्गात ४३ पैकी १८ आडनावे उरली. घोरपडे हे नाव ज्या मुलीच्या वाट्याला आले होते तिला पहिल्याच फेरीत दोन्ही काटे पडले आणि घोरपडे घराणे तिथेच बुडाले. दोघे घोरपडे सर्वांत जास्त हसले. निघताना मागे मान घालून बसलेल्या त्या मुलाने आम्हाला दारात गाठले आणि विचारले, "सर, मग माझा मूळ पुरुष कोण हे कसं शोधायचं?" आम्ही त्याला आजोबांचा शाळेचा दाखला आणि घरातले जुने सातबारे शोधायला सांगितले. त्याहून मागे जायचे तर मोडी शिकावी लागेल, असेही सांगितले. मोडी कुठे शिकवतात, असे त्याने लगेच वहीत लिहून घेतले.